मोटारखान्याची दोन कुलुपं

"ही सोड," अण्णा म्हणाले.

त्यांनी कमरेकडे बोट दाखवलं, तेव्हा मला करगोट्याला बांधलेली किल्ली दिसली. पितळी, अंगठ्याएवढी, घामानं काळी पडलेली. गाठ इतकी आवळून बसली होती, की नखांनी काही सुटेना. शेवटी आईनं कात्री आणली आणि दोराच कापला.

"भूपालला नेऊन दे. म्हणावं, मोटारीवरचा माझा हक्क सोडला. आता ती तुझी एकट्याची."

"बरं."

"आणि म्हणावं, एकदा येऊन जा. तुझी क्षमा मागायचीय."

शब्द अगदी माझ्या ओठांवर आले होते. कुणी कुणाची क्षमा मागायची? पण सोप्यात अंथरुणावर पडलेल्या, हाडांचा सापळा झालेल्या बापाशी वाद घालायची ती वेळ नव्हती. मी पदर खोचला आणि गल्ली ओलांडली.

गल्ली म्हणजे दोन बैलगाड्या जेमतेम एकमेकींना चुकवून जातील एवढा रस्ता. अलीकडे आमचं घर, पलीकडे भूपालकाकांचं. दोघं सख्खे भाऊ, आणि वीसेक वर्षं दोघांत बोलणं नाही.

मूळ भांडण मोटारीचं. आमच्या आज्जांनी कुठल्याशा संस्थानिकाच्या लिलावातून काळी डॉज मोटार आणली होती. कृष्णाकाठच्या आमच्या गावात तेव्हा दुसरी मोटार नव्हती. आज्जा गेल्यावर वाटण्या झाल्या. पंच बसले. जमीन वाटली, विहिरीच्या पाळ्या ठरल्या, म्हशी वाटल्या, तांब्याचे हंडे वाटले. मोटार कशी वाटायची? दोघांतला एकही ती सोडायला तयार नाही. मग पंचांनी डोकं चालवलं. मोटारखान्याच्या दाराला दोन कुलुपं घालायची, एक अण्णांचं, एक काकांचं. मोटार काढायची तर दोघांनी मिळून काढायची. पंचांना वाटलं, त्या निमित्तानं तरी भाऊ एकमेकांचं तोंड बघतील. एवढी वर्षं गावात राहून त्यांनी आम्हा पाटलांना ओळखलं नव्हतं, असंच म्हणायला हवं.

पुढच्याच उन्हाळ्यात माझी आज्जी, जिला आम्ही अव्वा म्हणायचो, ती भर दुपारी छातीत कळ येऊन पडली. ती आमच्याकडे राहायची. मी तेव्हा परकर-पोलक्यातली पोर होते. अण्णा घाईघाईनं गल्लीत गेले, परत आले आणि गड्याला म्हणाले, "बैल जुंप." एवढंच. अव्वाला गादीवर घालून बैलगाडी मिरजेच्या वाटेला लागली. पुलापाशी पोचायच्या आत ती गेली.

धाकट्यानं सख्ख्या आईसाठी किल्ली दिली नाही, हे दिवस मावळायच्या आत गावभर झालं. त्यानंतर काकूकडे हळदीकुंकवाला बायका जाईनात. त्यांच्या मुलाला पंचक्रोशीत कुणी मुलगी देईना, शेवटी पार बेळगावाकडची करून आणली. काका कधी कुणाला एका शब्दानं बोलले नाहीत. बोलत नाहीत म्हणजे बोलायला तोंडच नाही, असं आम्ही धरून चाललो. मीही. काका समोरून आले, की मी मान वळवत असे, लग्न होऊन सांगलीला गेल्यावरसुद्धा.

आता अण्णा सगळं सोडत होते, म्हणून मी माहेरी येऊन राहिले होते. आमच्या बस्तीत, म्हणजे जैन मंदिरात, त्या साली मुनी महाराजांचा चातुर्मास होता. अण्णांनी त्यांच्यापुढे सल्लेखनेची इच्छा सांगितली होती. आमच्यात पिकल्या वयाचं माणूस अन्नपाणी हळूहळू कमी करत, शांतपणे देह ठेवतं. पण त्याआधी सगळ्यांची क्षमा मागायची असते. महाराजांनी विचारलं, "सगळ्यांची झाली?" अण्णा म्हणाले, "एक राहिलाय." "मग तो झाल्यावर सांगा," महाराज म्हणाले. गडी-माणसं झाली, सोयरे झाले, ज्यांच्याशी बांधावरून भांडले होते ते शेजारी झाले. राहिले फक्त काका. आणि अण्णांचं खाणं तर ताक-पाण्यावर आलेलं. आवाज दिवसादिवसानं खोल चालला होता.

काका अंगणात शेंगा फोडत बसले होते. मी किल्ली पुढे धरली आणि अण्णांचा निरोप जसाच्या तसा सांगितला. त्यांनी किल्ली हातात घेतली, उलटसुलट करून पाहिली.

"बोलणं हाय अजून?" त्यांनी विचारलं.

"आज आहे. उद्याचं कुणी सांगावं? आत्ताच चला."

"बघतो."

"बघतो नाही काका, या."

त्यांनी मान हलवली आणि पुन्हा शेंगा फोडायला घेतल्या. मी तणतणत परत आले.

दुसऱ्या दिवशी सकाळी कुलुपांवर हातोडीचे घाव ऐकू आले. किल्ल्या होत्या, पण कुलुपं गंजून बसली होती. दार उघडलं आणि वीस वर्षांची धूळ गल्लीभर उडाली. आई चुलीपुढून उठून बाहेर आली, पाहिलं आणि कपाळाला हात लावला.

"बघ गं बाई! भाऊ इथं निघालाय, आणि ह्याला मोटारीचं डोहाळं लागल्यात."

दुपारपर्यंत जयसिंगपूरहून हमीद मिस्त्री आला. मला राहवेना. मी जाऊन मोटारखान्याच्या दारात उभी राहिले. डॉज चार दगडांवर बसली होती. टायर फाटून लोंबत होते, काचा आंधळ्या झाल्या होत्या, बॉनेटवर बोटभर धूळ. लहानपणी मला ती हत्तीएवढी वाटायची. आता आजारी म्हशीसारखी दिसत होती.

मिस्त्रीनं हँडल लावून जोर केला. हँडल तसूभर हललं नाही.

"जाम हाय, पाटील. इंजिन धरलंय."

"मग?"

"प्लग काढून तेल-रॉकेल सोडायचं. मुरू दे. सुटलं तर सुटलं. न्हाईतर इंजिन खोलायला लागंल. म्हैना जाईल."

"म्हैना न्हाई आपल्याकडं," काका म्हणाले.

ते ऐकून मला थोडं बरं वाटलं आणि लगेच रागही आला. दिवस कमी आहेत हे कळतंय, मग गल्ली ओलांडायला काय होतंय?

मागची सीट काढायला गेले, तर आतल्या कापसात उंदराची पिल्लं. गुलाबी, डोळे न उघडलेली. मिस्त्रीच्या पोऱ्यानं फडकं पुढे केलं, तसे काका ओरडले, "हात लावू नको!" मग दोघातिघांनी ती सीट, आहे तशी, पालखी उचलावी तशी उचलून गोठ्यात नेऊन ठेवली. वर काकांनी मांजर येऊ नये म्हणून डालगं झाकलं. आम्ही जैन, कीड-मुंगीला जपणारी माणसं. त्यात नवल काही नव्हतं. पण मला त्या दिवशी ते पाहवलं नाही.

"उंदरांची एवढी माया," मी मिस्त्रीदेखत म्हणाले, "आणि तिकडं सख्खा भाऊ भेटायचं म्हणून जीव धरून पडलाय."

काका खाली वाकून तेलाचं भांडं शोधत होते. वर न बघता म्हणाले, "मोटार चालू झाली की येतो."

"मोटारीचं आणि येण्याचं काय नातं?"

"ते नरसाळं दे इकडं."

काय करणार? मी नरसाळं दिलं. आणि मग ते धरलंही मीच, कारण काकांच्या हातून तेल बाहेर सांडत होतं.

असे दिवस जायला लागले. अण्णा सकाळी डोळे उघडले की विचारायचे, "आला?" आणि मी म्हणायचे, "मोटार दुरुस्त करतायत." अण्णा पुढे काही विचारायचे नाहीत. गावात मात्र तोंडाला कुलूप नव्हतं. बस्तीतून परतताना गल्लीतली गौराक्का मुद्दाम काकांच्या दारावरून मोठ्यानं बोलत जायची, "आईला न्हाई मिळाली मोटार, आता भावाच्या तेराव्याला मिरवंल." आमच्यात तेरावं नसतं, पण टोमणा मारताना कोण बघतंय! काका मोटारीखाली उताणे पडून काम करत असायचे. त्यांनी ते ऐकलं नसेल, असं होणं शक्य नव्हतं.

कोल्हापूरहून जुने टायर आले. टाकी धुतली, गंजाचं लाल पाणी किती वेळ येत राहिलं. एक दिवस हँडल कर्रकन वाजलं आणि थोडं फिरलं. मिस्त्री हसला. काका हसले नाहीत, त्यांनी फक्त कपाळाचा घाम पुसला. मग दिवसभर गल्लीत तोच आवाज. हँडल मारायचं, इंजिन एक उसासा टाकायचं आणि गप्प.

त्या दुपारी अण्णा डोळे मिटून पडले होते. एकाएकी म्हणाले, "अंगठा."

मी कान जवळ नेला. "काय अण्णा?"

"अंगठा दांड्याभोवती घेतोय तो. लहानपणापासनं खोड. उलटा झटका बसला, तर मनगट मोडंल. बोटांच्या बाजूलाच ठेव म्हणावं."

"इथून तुम्हाला कसं कळलं?"

"आवाजावरनं." आणि पुन्हा डोळे मिटले.

मी गेले. काका हँडलवर वाकले होते. खरोखरच अंगठा दांड्याभोवती होता. मी अण्णांचा निरोप सांगितला. काकांनी अंगठा काढून बोटांच्या बाजूला घेतला आणि गल्लीपलीकडे आमच्या दाराकडे पाहिलं. किल्लीचा निरोप व्रतापोटी गेला होता; भावानं भावाची काळजी करावी, असा वीस वर्षांतला हा पहिलाच.

"चला ना," मी हळूच म्हणाले. त्या वेळी माझ्या आवाजात राग नव्हता.

"अशा रिकाम्या हातानं कसा येऊ, त्रिशला?" ते म्हणाले आणि त्यांनी पुन्हा हँडल मारलं.

मला तेव्हा वाटलं, ह्यांना मोटार मिरवायची आहे. अण्णांच्या दारात उभी करून, बघ, तुझ्यावाचून चालू केली, असं दाखवायचं आहे. मी आईला तसं बोलूनही दाखवलं.

दोन दिवसांनी सकाळी मोटार चालू झाली. आधी ठो ठो करून मागून काळा धूर सोडला, कोंबड्या किंचाळत पळाल्या, गल्लीतली सगळी दारं उघडली. मग आवाज हळूहळू एकसारखा झाला. मी दारात होते. काकांनी घरातून गादी आणली, उशी आणली, आणि मागे जिथं सीट नव्हती तिथं ती गादी नीट अंथरली. चार वेळा हात फिरवून सुरकुत्या काढल्या. मग स्वतः स्टिअरिंगला बसून, गाडी मागेपुढे करत, गल्ली ओलांडून आमच्या दारात आणली.

लोक जमले. आमच्या अंगणात, काकांच्या अंगणात, गल्लीत. गौराक्का पुढे होतीच. काका उतरले नाहीत. त्यांनी सोप्याकडे तोंड केलं, आणि वीस वर्षांत पहिल्यांदा आमच्या घराच्या दिशेनं त्यांचा आवाज आला.

"अण्णा, चल. मिरजेला जाऊ. डाक्टरला दाखवू. गादी घातलीय मी."

तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला. मिरवायला नव्हती आणली त्यांनी मोटार. अव्वाला ज्या वाटेनं मोटारीतून न्यायचं राहून गेलं होतं, त्या वाटेनं त्यांना भावाला न्यायचं होतं. तोंडानं जे म्हणता येत नव्हतं, ते मोटारीनं म्हणायचं होतं. मला भडभडून आलं.

पण आई पुढे झाली. तिचाही आवाज ओला होता.

"भावजी, त्यांनी वाहन सोडलंय."

"म्हंजे?"

"चातुर्मास लागला तेव्हाच महाराजांपुढं सोडलं. आता कशातच बसायचं न्हाई त्यांना."

मलाही हे माहीत नव्हतं. मी आले तेव्हापासून अण्णा दवाखान्याला नको म्हणत होते, एवढंच मी पाहिलं होतं. एका घरात राहणाऱ्या मलाच ठाऊक नाही, तर गल्लीपलीकडच्या, बोलणं तुटलेल्या भावाला कुठून ठाऊक असणार? काका स्टिअरिंग धरून तसेच बसले. इंजिन चालूच होतं. त्यांचा चेहरा मला अजून आठवतो. बाजारात हात सुटलेल्या पोराचा असतो, तसा झाला होता.

सोप्यातून अण्णांनी हात वर केला. "बंद कर, भूपाल. आत ये."

काकांनी मोटार बंद केली. ते उतरले, पायरीशी चपला काढल्या आणि आत येऊन अण्णांच्या अंथरुणाशी खाली बसले. अण्णांनी मला उठवायला सांगितलं. मी पाठीला हात देऊन त्यांना टेकवून बसवलं. त्यांनी हात जोडले. थोरल्या भावानं धाकट्यापुढं.

"भूपाल, मी तुझा अपराधी हाय."

"अण्णा, असं नको रे—"

"बोलू दे. दम कमी हाय." मग ते माझ्याकडे वळले. "त्रिशला, माझा आवाज दारापर्यंत जायचा न्हाई. मी बोलंन, तू मोठ्यानं सांग. सगळ्यांना ऐकू गेलं पायजे."

मी उठून उंबऱ्यात उभी राहिले. शाळेत शिकवत असल्यामुळे माझा आवाज मुळातच मोठा. अण्णा थांबत थांबत बोलत होते आणि मी त्यांचं वाक्य उचलून अंगणात टाकत होते.

"अव्वा पडली, त्या दिवशी..." मी म्हणाले.

लोक पायरीपर्यंत पुढे सरकले.

"त्या दिवशी मी किल्ली मागायला निघालो..."

अण्णांनी श्वास घेतला. पुढचं वाक्य ऐकलं. मी मागे वळून पाहिलं. त्यांनी डोळ्यांनीच खूण केली, सांग.

"...पण मी किल्ली मागितलीच नाही," मी म्हणाले. "गल्लीच्या मध्यापर्यंत गेलो आणि परत फिरलो. ह्याच्या दारात जाऊन हात पसरायचा, हे मला झालं नाही. म्हणून बैल जुंपायला लावले. गावानं म्हटलं, धाकट्यानं किल्ली दिली नाही. मी कधी तसं म्हटलं नाही, पण नाही असंही म्हटलं नाही. माझ्या भावानं माझं पाप वीस वर्षं अंगावर घेतलं. मी त्याची क्षमा मागतो. तुमचीही मागतो."

शेवटची वाक्यं कशी बोलले, मला सांगता येणार नाही. आपल्या बापाविषयी ते शब्द आपल्याच तोंडून गावापुढे काढायचे! आईनं तोंडाला पदर लावला होता. काकू त्यांच्या अंगणातल्या खांबाला धरून उभी होती, ती हळूहळू खाली बसली.

मी आत आले. काकांनी अण्णांचे जोडलेले हात आपल्या दोन्ही हातांत धरले होते आणि ते लहान मुलासारखे रडत होते.

"तू आला न्हाईस, हे मला ठाऊकच होतं की," ते म्हणाले.

"मग बोलला का न्हाईस कधी?"

काकांनी दाराकडे पाहिलं, मग आवाज अगदी खाली आणला. मी त्यांच्या पाठीशी होते म्हणून मला ऐकू आलं.

"आरडाओरडा ऐकला तवाच मला कळलं होतं, अव्वाला काहीतरी झालंय. किल्ली घेऊन दाराच्या आड उभा राहिलो. तू गल्लीत आलास, दिसलास मला. म्हटलं, येऊ दे. एक शब्द तोंडानं मागू दे, मग देतो. तू परत फिरलास." त्यांनी अण्णांचे हात आणखी घट्ट धरले. "मी हाक मारली न्हाई, अण्णा. किल्ली हातात हुती माझ्या. एक हाक मारायची हुती."

बाहेर लोक थांबले होते. काकांनी डोळे पुसले आणि माझ्याकडे वळून म्हणाले, "हेबी सांग त्यांना. जसं त्याचं सांगितलंस, तसं."

मी उठले. तेवढ्यात अण्णांनी माझं मनगट धरलं. त्यांच्या हातात तेवढा जोर उरला असेल, असं मला वाटलं नव्हतं.

"हे न्हाई सांगायचं."

"अण्णा, ते स्वतःच म्हणतायत."

"म्हणू दे. त्यानं मला दिलंय ते. माझ्याजवळ राहील."

शेत सोडलं होतं, अन्न सोडलं होतं, वाहन सोडलं होतं. दुसऱ्या दिवशी महाराजांपुढे व्रत घेतलं तेव्हा उरलंसुरलं सगळं सोडलं. काका रोज सकाळी येऊन पायाशी बसत, दोघं फारसं बोलत नसत. तेवढी एक गोष्ट मात्र अण्णांनी कुणाला दिली नाही. काकाही आता नाहीत, म्हणून मी ती लिहिते आहे.

मी उंबऱ्यात आले, तेव्हा गौराक्का पायरीशीच उभी होती. तिचे हात आपोआप जोडलेले होते.

"भूपाल काय म्हणाला गं?" तिनं विचारलं.

"क्षमा केली म्हणाले," मी मोठ्यानं सांगितलं.